वरच्या तारेवर आकडा टाकून लष्करी रेडिओ आणि चार्जर चालतात का? हाती खरोखर किती वॅट लागतात?

वॅटतास (मूळ प्रश्न)

अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने, ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर, विशेष पथकांसाठी एक साधन बनवलं होतं. कागदोपत्री नाव ‘रिमोट ऑक्झिलरी पॉवर सिस्टिम’, पण सगळे त्याला ‘बॅट हूक’च म्हणतात. सरळ आपल्या भाषेत सांगायचं तर आकडाच: तारेवर फेकायचा, आतली पाती तारेचं आवरण कापून धातूपर्यंत पोचते, खाली आलेल्या केबलच्या टोकाला एसीचं डीसी होतं आणि त्यावर बॅटऱ्या चार्ज होतात.

गरज किती, तेही मांडतो. पाठीवरचा एक रेडिओ, ऐकणं-बोलणं मिळून सरासरी १५ वॅट, ७२ तास: १०८० वॅटतास. ३० वॅटचा लॅपटॉप एकूण २४ तास: ७२० वॅटतास. बेरीज १८००. बीबी-२५९० ही लिथियम-आयन बॅटरी साधारण २५० वॅटतासांची आणि १.४ किलोची धरली तर सात-आठ बॅटऱ्या, म्हणजे दहा-अकरा किलो पाठीवर. डोक्यावरून वीज वाहत असताना हे ओझं का वाहायचं, असं वाटणारच.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.
१) आवरण न कापता, चिमट्यासारखा गाभा तारेभोवती बसवून किती वीज मिळते?
२) उच्चदाबाच्या तारेवर तो चिमटा बसवून केबल खाली आणता येईल का?
३) कल्पना इतकी सोपी असेल तर ती सर्रास वापरात का नाही?

कुणाला तार ओढायला शिकवायचं नाही, हिशेब हवा आहे.

---

तारतंत्री

आधी ‘तार’ या शब्दाची फोड करू. बातम्यांमध्ये सगळ्या तारा एकच असल्यासारख्या लिहितात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अमेरिकेतल्या साध्या खांबावर अगदी वरची तार १२.४७ किलोव्होल्ट व्यवस्थेतली असते, म्हणजे फेज ते न्यूट्रल ७.२ किलोव्होल्ट. बहुतेक ठिकाणी ती उघडीच असते. झाडांच्या भागात तिच्यावर काळं आवरण दिसतं, पण ते फांदी टेकल्यावर फॉल्ट (वीज भलत्या वाटेने जाणं) होऊ नये एवढ्यापुरतं. त्याला इन्सुलेशन समजून हात लावणारा वाचत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या खाली १२०/२४० व्होल्टच्या तारा येतात आणि घराकडे जाते ती पिळाची केबल: दोन आवरणवाल्या फेज आणि एक उघडा न्यूट्रल. ‘पाती आवरण कापते’ हे वर्णन फक्त या शेवटच्या प्रकाराला लागू पडतं. वरच्या तारेला कापायला आवरणच नाही, आणि तिथे आकडा पोचण्याआधी ठिणगी पोचते. अप्रशिक्षित माणसाने ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट लांब राहायचं, हा अमेरिकी नियम उगाच नाही.

आता लघुदाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श करून वीज घेण्याबद्दल. ऊर्जेच्या हिशेबाने यात काही अडचण नाही. १२० व्होल्टवर २०० वॅट म्हणजे जेमतेम १.७ अँपिअर, तारेला त्याची जाणीवही होणार नाही. अडतं ते दुसरीकडे.

पहिली अडचण परतीच्या वाटेची. एक आकडा एकाच तारेवर पडतो. प्रवाहाला परत जायला न्यूट्रल हवा किंवा जमीन हवी. समजा जमिनीत ठोकलेल्या सळीचा रोध २५ ओहम आहे (कोरड्या वाळूत तो शंभराच्या वर सहज जातो). १.७ अँपिअर × २५ = ४२ व्होल्ट. १२० मधले ४२ व्होल्ट मातीतच खर्च झाले, उपकरणाला उरले ७८. त्याहून वाईट म्हणजे ती सळी आता आजूबाजूच्या जमिनीच्या तुलनेत ४२ व्होल्टवर उभी आहे आणि तिच्याजवळच ओल्या गुडघ्यावर बसलेला माणूस आहे. एकाच तारेवर आणि जमिनीच्या परतीवर वीज नेण्याची पद्धत न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात शंभरेक वर्षांपासून चालते, पण तिथे दाब १२.७ किंवा १९.१ किलोव्होल्ट असतो. प्रवाह लहान राहतो, म्हणून सळीवरचा दाबही लहान राहतो. शिवाय विलगीकरण ट्रान्सफॉर्मर आणि काळजीपूर्वक केलेलं अर्थिंग असतंच. १२० व्होल्टला ती युक्ती उलटी पडते.

दुसरी अडचण फॉल्टची. ट्रान्सफॉर्मरच्या जवळ शॉर्ट झालं तर काही हजार अँपिअर वाहतात. केबल घासली, चिरडली किंवा पाणी शिरलं की तो सगळा जोर हातातल्या पातळ केबलवर येतो. फ्यूज खालच्या डब्यात ठेवला तर वरपासून डब्यापर्यंतची सगळी केबल बेवारस राहते. तो तारेपाशीच, सुरुवातीलाच असायला हवा, आणि काचेच्या नळीचा नव्हे तर प्रवाह मर्यादित करणारा, वाळू भरलेला.

तिसरी अडचण सांध्याची, आणि ती सगळ्यात हमखास. तार ॲल्युमिनियमची असते. हवेत तिच्यावर क्षणात ऑक्साइडचा थर बसतो आणि तो थर वीज वाहत नाही. पोलादी पाती नुसत्या वजनावर टेकलेली असेल तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर सांधा उघड-मीट करतो, बारीक ठिणग्या उडतात, आवरण वितळतं आणि तार झिजते. लाइनमन वापरतात त्या पिअर्सिंग कनेक्टरकडे (आवरण टोचून तारेला धरणाऱ्या जोडाकडे) नीट बघा: दातेरी पट्ट्या, आत ग्रीस आणि ठरलेल्या ताकदीला डोकं तुटणारा बोल्ट. ते डोकं तुटणं म्हणजेच ‘दाब पुरेसा बसला’ याची खूण. फेकलेल्या आकड्याला तो दाब कुठून येणार?

दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतर देतीलच. पहिल्याबद्दल एवढंच सांगतो, पिळाच्या केबलभोवती चिमटा बसवला तर हाती शून्य येईल. जाणारा आणि येणारा प्रवाह एकाच चिमट्यात, क्षेत्र एकमेकांना खाऊन टाकतं.

---

गाभा_आणि_वेढे

चिमट्याचा हिशेब करून दाखवतो. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण कळेल.

पट्टी गुंडाळून केलेला, मधून कापलेला सिलिकॉन पोलादाचा सी-गाभा घ्या. छेद १० चौरस सेंटिमीटर, सरासरी चुंबकीय वाट २५ सेंटिमीटर. वजन साधारण १.९ किलो. चुंबकीय घनता १.५ टेस्लापर्यंत नेली तर दर वेढ्याला मिळणारा दाब:

४.४४ × ५० हर्ट्झ × १.५ × ०.००१ = ०.३३ व्होल्ट

तार म्हणजे एकच वेढा. तारेत १०० अँपिअर वाहत असतील तर या गाभ्यातून जास्तीत जास्त ०.३३ × १०० = ३३ व्होल्ट-अँपिअर मिळतील. ही कमाल मर्यादा झाली. दुसऱ्या बाजूला ७५ वेढे घातले की २५ व्होल्ट आणि १.३३ अँपिअर. एक मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार पुरते. एकूण १२ मीटर लागते आणि तिचा रोध पाव ओहमच्या आसपास येतो.

खरा खेळ फटीत आहे. चिमटा उघडायचा-मिटायचा म्हणजे गाभा दोन ठिकाणी कापलेला असणार. घासून गुळगुळीत केलेल्या तोंडांमध्येही प्रत्येकी ०.०२ मिलिमीटर फट राहते. १.५ टेस्ला त्या दोन फटींतून ढकलायला सुमारे ३४ अँपिअर लागतात, लोखंडाचे आणखी सहा-सात धरा. म्हणजे १०० पैकी ४० अँपिअर नुसत्या चुंबकनाला, गाभ्यात चुंबकत्व उभं करायला. सुदैवाने ते भाराच्या प्रवाहाशी ९० अंशांत असतात, त्यामुळे भाराला ६० नव्हे, ९२ उरतात. मिळाले ३० वॅट.

आता दोन्ही तोंडांमध्ये साध्या कागदाचा एकेक कपटा अडकू द्या. कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो. चुंबकनाची भूक ४० वरून २१० अँपिअरवर जाते. तेवढे तारेत नाहीतच, म्हणून गाभा १.५ टेस्लापर्यंत चढतच नाही. ३० वॅटचे ८ वॅट होतात. कागदाच्या जागी गंजाचा पापुद्रा, रंग, धूळ किंवा बर्फ समजा. मैदानातली बहुतेक निराशा इथेच उगवते आणि दोष मात्र इलेक्ट्रॉनिक्सला दिला जातो.

गुळगुळीत तोंडांचा तोच गाभा वेगवेगळ्या प्रवाहांना असा वागतो (गाभ्यातच जळणारे दोनेक वॅट वजा न करता):

५ अँपिअर: ०.१ वॅट
२० अँपिअर: १.७ वॅट
५० अँपिअर: १० वॅट
१०० अँपिअर: ३० वॅट
२०० अँपिअर: ६५ वॅट

खालच्या टोकाला वीज प्रवाहाच्या वर्गाने घटते. गाभा संतृप्त व्हायला, म्हणजे चुंबकत्वाने भरून जायला, लागला की मग सरळ प्रमाणात वाढते. तार कितीही किलोव्होल्टची असो, या तक्त्यात दाब कुठेही येत नाही. ४०० किलोव्होल्टची पण रिकामी वाहणारी तार निरुपयोगी, आणि २४० व्होल्टची भरून वाहणारी तार उत्तम. रात्री दोन वाजता गावाकडच्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर) किती अँपिअर असतील याचा अंदाज बांधा आणि मग ठरवा.

नॅनोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांच्या धातूपट्टीचा) गाभा घ्यावा का, असा प्रश्न कुणीतरी विचारणारच. फट नसलेल्या कड्यात तो अप्रतिम. फट आली की पारगम्यता फटच ठरवते, धातू नाही. वरून तो १.२ टेस्लालाच दम टाकतो. चिमट्यासाठी त्यावर पैसे घालण्यापेक्षा तोंडं घासून घेण्यावर घाला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आणि का नाही, हे नीट समजून घ्या. तारेवर बसलेला चिमटा तारेच्याच दाबावर असतो. चिमणीसारखा. त्याची इलेक्ट्रॉनिक्स तिथेच वर, त्याच दाबावर असेल तर काहीच बिघडत नाही. फॉल्ट दाखवणारे आणि तारेचं तापमान मोजणारे सेन्सर असेच चालतात, त्यांना बॅटरी बदलावी लागत नाही. पण वेढ्यांपासून केबल जमिनीवर आणली की गाभा आणि वेढे यांच्यातल्या इन्सुलेशनवर संपूर्ण ७.२ किलोव्होल्ट आले. नुसते तेवढेच नाहीत. त्या वर्गाच्या सामानाला ९५ किलोव्होल्टचा विजेचा तडाखा सोसावा लागतो, कारण दूर कुठेतरी वीज पडली की तारेवर तेवढी लाट येते. ते सोसणारं यंत्र म्हणजे खांबावर दिसतो तो रेझिनमध्ये ओतलेला, घागऱ्यासारख्या चकत्यांचा करंट ट्रान्सफॉर्मर. तो पिशवीतून नेता येत नाही.

म्हणजे चिमटा ‘वर बसणाऱ्या’ गोष्टीच्या कामाचा, खाली बसलेल्या माणसाच्या नव्हे. म्हणूनच ही कल्पना ड्रोनकडे वळली. २०२४ मध्ये सदर्न डेन्मार्क विद्यापीठाच्या संशोधकांनी तारेला लटकून स्वतःला चार्ज करणारा ड्रोन दाखवला. उडणं आणि चार्ज होणं आलटून-पालटून करत तो दोन तासांहून अधिक काळ आपला आपण चालला.

---

वॅटतास

‘दाब कुठेही येत नाही’ हे डोक्यात पक्कं बसलं. मग एक उपप्रश्न. तारेला हातच लावायचा नाही असं ठरवलं आणि मोठ्या वाहिनीखाली जमिनीवरच तांब्याचा मोठा फेरा किंवा जाळी पसरली तर? ट्यूबलाइट हातात धरून उभं राहिलं की ती वाहिनीखाली मंद पेटते, तशी चित्रं सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

---

शून्यफेज

ट्यूब पेटते, कारण तिला मिणमिणायला मिलिअँपिअरहूनही कमी पुरतं. त्या चित्रांनी फार लोकांना खुळं केलंय.

चुंबकीय बाजू आधी. जमिनीवर वाहिनीखाली १० मायक्रोटेस्ला धरा. तीन फेज एकमेकांना बरंच खोडतात, त्यामुळे हा आकडाही उदार आहे. एक चौरस मीटरचा फेरा, त्यात १००० वेढे. मिळणारा दाब ३.१ व्होल्ट. ऐकायला बरं वाटतं. पण १००० वेढे म्हणजे ४ किलोमीटर तार. अर्ध्या मिलिमीटर व्यासाची घेतली तर रोध ३५० ओहम. जास्तीत जास्त मिळणारी शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले चार पट रोध: ७ मिलिवॅट. तांब्याचं वजन ७ किलो. किलोला एक मिलिवॅट!

विद्युत बाजू. जमिनीलगत ५ किलोव्होल्ट प्रतिमीटर क्षेत्र असेल तर दर चौरस मीटर जाळीला १४ मायक्रोअँपिअर. दहा बाय दहा मीटरची जाळी, जमिनीपासून दोन मीटर उंच, चांगल्या इन्सुलेटरवर ताणलेली: १.४ मिलिअँपिअर आणि उघडा दाब १० किलोव्होल्टच्या घरात. आदर्श जुळणी साधली तरी ७ वॅट. ते खाली आणायला पाच-सात किलोव्होल्ट घेणारा आणि मिलिअँपिअर देणारा कन्व्हर्टर लागेल. तो स्वतःच किती खाईल हे वेगळं, आणि दव पडलं की इन्सुलेटरवरून सगळं मातीत. तेवढ्याच जागेत सौर पत्रे पसरले तर भर दुपारी पंधरा-वीस किलोवॅट येतील.

‘गाभा_आणि_वेढे’ यांच्या उत्तराला दोन जोड.

एक, वारंवारता. ६० हर्ट्झला त्यांचे आकडे संतृप्तीच्या बाजूला १.२ पट होतात. जर्मनी-स्वित्झर्लंडच्या रेल्वेच्या १६.७ हर्ट्झ तारेवर एक तृतीयांश. डीसी वाहिनीवर, मग ती ३ किलोव्होल्टची रेल्वे असो की लांब पल्ल्याची एचव्हीडीसी (उच्चदाबाची डीसी), शून्य. उलट डीसीने गाभा एका बाजूला कायमचा संतृप्त होऊन बसतो. आणि २५ किलोव्होल्ट ५० हर्ट्झ रेल्वेत प्रवाह गाडी आली की येतो, गेली की जातो. तासाची सरासरी बघायची, कमाल नव्हे.

दोन, मोठ्या वाहिन्यांवर एका फेजला दोन-चार तारांचा जुडगा असतो. चिमटा एकाच तारेवर बसतो, म्हणून वाट्याला फेजच्या प्रवाहाचा तेवढाच हिस्सा येतो. ८०० अँपिअर ऐकून हुरळू नका, चारात वाटले की २०० राहतात. तिथे कोपरे आणि स्क्रू गोल झाकणाखाली दडवले नाहीत तर कोरोनाने (टोकांभोवतीच्या हवेत उच्चदाबाने होणाऱ्या बारीक विद्युत गळतीने) सेन्सरचा रेडिओच बहिरा होतो.

---

गाभा_आणि_वेढे

दोन्ही जोड बरोबर. एक गोष्ट माझ्याकडून राहिली होती, ती कपॅसिटरची. चुंबकनाचा प्रवाह तारेकडूनच घ्यायला हवा असं नाही. ७५ वेढ्यांच्या दोन टोकांना समांतर कपॅसिटर लावला की तो प्रवाह कपॅसिटर आणि वेढे यांच्यातच झोके घेतो आणि तारेचा सगळा प्रवाह भाराला मोकळा होतो. चुंबकनाचे ४० अँपिअर म्हणजे आपल्या वेढ्यांत ०.५३ अँपिअर. २५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यासाठी ६८ मायक्रोफॅरड लागतात. मोटार चालू ठेवायला वापरतात तसला एसी फिल्म कपॅसिटर घ्यायचा. इलेक्ट्रोलिटिक लावला तर फुगून फुटेल.

यात १०० अँपिअरवर फार फरक दिसत नाही. २० अँपिअरवर दिसतो: १.७ वॅटच्या जागी, गाभ्यातला आणि डायोडमधला व्यय वजा जाऊन, चारेक वॅट. पण जुळणी फटीवर अवलंबून आहे आणि फट तापमान, धूळ, पकड यांच्याबरोबर हलते. कागद अडकलेल्या गाभ्याला हाच कपॅसिटर ३६० मायक्रोफॅरडचा लागला असता. म्हणून मधला आकडा धरून थोडं सोडून द्यायचं. अचूक जुळवून ठेवलं की पुढच्या आठवड्यात बिघडतं.

---

टेबलवाला

हे सगळं कुठल्याही तारेजवळ न जाता तपासता येतं, आणि तसंच तपासावं. १०० अँपिअर तयार करायची गरज नाही. गाभ्याच्या खिडकीतून जाड आवरणाच्या तारेचे २० वेढे काढा आणि त्यातून ५ अँपिअर सोडा, गाभ्याला ते १०० च वाटतात.

मांडणी अशी. २४ व्होल्ट, १५० व्होल्ट-अँपिअरचा विलगीकरण असलेला ट्रान्सफॉर्मर. त्याच्याशी एकसरीत साडेतीन ओहम, १५० वॅटचा रोधक, कारण तो ८०-९० वॅट तापणार. मग ते २० वेढे आणि प्रवाह मोजायला चिमटा मीटर. रोधक हवाच. खरी तार प्रवाहाचा स्रोत असते, तिला आपल्या भाराची फिकीर नसते. रोधकाशिवाय थेट ट्रान्सफॉर्मर जोडला तर तुम्ही साधा दाबाचा ट्रान्सफॉर्मर तपासत बसाल आणि आकडे फसवे येतील. दुसऱ्या बाजूला आधी १८ ते २० ओहमचा ५० वॅटचा रोधक लावून बघा, डायोड आणि कन्व्हर्टर नंतर.

क्रम महत्त्वाचा आहे: भार जोडल्याशिवाय किंवा दुसरी बाजू शॉर्ट केल्याशिवाय पहिल्या बाजूला प्रवाह सोडायचा नाही. करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपला चिमटाच, उघडा सोडला की सगळा प्रवाह चुंबकनात जातो, गाभा दर अर्ध्या चक्रात संतृप्तीतून उलटतो आणि दाबाचे टोकदार सुळे येतात. टेबलावरच्या रोधकाने ते थोडे बोथट होतात, खऱ्या तारेवर होत नाहीत.

काय चुकतं, ते नेहमीच्या वारंवारतेने:

वीज कमी येते आणि गाभा गुणगुणतो. तोंडं बसलेली नाहीत. दाबून धरल्यावर मीटरचा आकडा उडी मारतो का बघा. मारत असेल तर बाकी काहीही शोधू नका.

डीसी बाजूचा कपॅसिटर फुटतो. ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडनंतर) ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावला आणि बॅटरी भरल्यावर चार्जरने घेणं थांबवलं. दाबाचा स्रोत असता तर काही झालं नसतं. हा प्रवाहाचा स्रोत आहे, कुणी घेतलं नाही तर तो दाब चढवत राहतो. इथे ‘बंद करणं’ म्हणजे वाट तोडणं नाही, शॉर्ट करणं. एसी बाजूला पाठीला पाठ लावलेल्या दोन मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) वेढे शॉर्ट करायचे: डीसी २६ व्होल्टवर गेलं की शॉर्ट, २२ वर आलं की मोकळं.

मॉसफेट जळतात. टेबलावर नाही, तारेवर. ओळीत फॉल्ट झाला की १०० अँपिअरच्या जागी १०,००० वाहतात. ७५ ने भागले तरी १३३ अँपिअर. गाभ्याची संतृप्ती बरंच अडवते, पण त्या भरवशावर राहता येत नाही. मॉसफेटच्या बाहेर एक ट्रायॅक (दोन्ही दिशांना वाहू देणारा दणकट इलेक्ट्रॉनिक स्विच) हवा, बीटीए-४१ सारखा ४० अँपिअरचा. एका चक्रापुरता तो ४०० अँपिअर सोसतो. त्याला पेटवणारा भाग इतका साधा ठेवा की पुरवठा नसतानाही चालेल: एक झेनर (ठरलेल्या दाबाला वाहू लागणारा डायोड), एक रोधक, बस. मायक्रोकंट्रोलरवर सोपवलं तर तो जागा होईपर्यंत सगळं संपलेलं असतं.

आणि चिमटा उघडत नाही. याकडे कुणी लक्ष देत नाही. १.५ टेस्लाला १० चौरस सेंटिमीटरच्या एका तोंडावर ओढ ९० किलोच्या वजनाइतकी असते, कमाल क्षणाला. दोन तोंडं, आणि सेकंदाला शंभर वेळा. ड्रोनची मोटार ते काय उघडणार! वेढे शॉर्ट केले की गाभ्यातला फ्लक्स दीडेक टक्क्यावर येतो आणि ओढ त्याच्या वर्गाने, म्हणजे वीसेक ग्रॅमवर. आधी शॉर्ट, मग उघडा. तारेवर बसतानाही शॉर्ट ठेवूनच बसायचं, नाहीतर दोन अर्धे शेवटच्या मिलिमीटरला हातोड्यासारखे आपटतात आणि घासलेली तोंडं टवके उडून खराब होतात. मग पुन्हा फट, पुन्हा आठ वॅट.

---

अठ्ठावीस_व्होल्ट

तिसरा प्रश्न अजून कुणी घेतलेला नाही.

बहुतेक लष्करी सामान २८ व्होल्ट डीसीच्या घरात राहतं. गाड्यांसाठी त्याचं मानकही आहे, मिल-एसटीडी-१२७५. पथकाकडे गाडी असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही, गाडीचा अल्टरनेटर किलोवॅटमध्ये देतो. पायदळाच्या तुकडीकडे गाडी नसेल तर घडीचे सौर पत्रे. अमेरिकी मरीन्सनी २०१० मध्ये अफगाणिस्तानात, सांगीनमध्ये, ‘स्पेसेस’ नावाचे असे संच नेले होते. ६० वॅटचा पत्रा दिवसातले पाच चांगले तास धरले तर ३०० वॅटतास, म्हणजे तुमची एक बॅटरी पूर्ण आणि वर थोडी. दोन पत्रे तीन दिवसांत तुमच्या हिशेबातले १८०० वॅटतास भरून काढतात. जमीन नाही, ठिणगी नाही, खांब शोधायला नको.

शिवाय जिथे लढाई तिथे वीज सगळ्यात आधी जाते. आणि असली तरी कशी असेल याचा नेम नाही. न्यूट्रल तुटला की १२०/२४० व्यवस्थेत हलका भार असलेल्या बाजूवर दोनशेच्या वर चढतात. तीनफेज २३०/४०० व्यवस्थेत तर चारशेकडे जातात. ८५ ते २६४ व्होल्ट घेणारा चार्जर पहिल्या प्रकाराला पुरतो, दुसऱ्याला नाही. त्यापुढे व्हॅरिस्टर (जादा दाब शोषणारा भाग) असला तरी तो क्षणिक लाटेसाठी असतो. मिनिटभर चढलेल्या दाबात तो स्वतःच पेटतो, म्हणून त्याच्या आधी फ्यूज हवा.

एक बारीक गोष्ट. काही लष्करी सामान ४०० हर्ट्झचं असतं. म्हणून अमेरिकी लष्कराच्या ३ किलोवॅट जनित्राचे दोन प्रकार आहेत: एमईपी-८३१ए ६० हर्ट्झचं, एमईपी-८३२ए ४०० हर्ट्झचं. ४०० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर त्याच दाबाने ५० हर्ट्झच्या तारेला जोडला तर फ्लक्स आठपट मागतो, म्हणजे संतृप्ती आणि धूर. प्लग बसतोय म्हणून जोडायचं नाही, पाटीवरचा हर्ट्झ वाचायचा.

तळ उभा राहिला आणि तिथलीच वीज वापरायची ठरली तरी आकडा कुणी टाकत नाही. वितरणाच्या पेट्या असतात, अमेरिकी लष्करात एम-२००, एम-१००, एम-४० अशा उतरत्या क्रमाने, २०० अँपिअर प्रतिफेजपासून खाली. आधी अर्थिंग, मग फेजक्रम, मग दाब मोजणं, मग ब्रेकर. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातल्या पहिल्या पायरीला दहा मिनिटं दिली की ‘तारतंत्रीं’ची ४२ व्होल्टची सळी कुठेच येत नाही.

---

वॅटतास

तिन्ही उत्तरं मिळाली. एक शंका राहिली: सौर पत्रा आणि तारेवरचा चिमटा एकाच पॉवर मॅनेजरला (वेगवेगळ्या स्रोतांची वीज घेऊन बॅटऱ्या भरणाऱ्या डब्याला) जोडता येतील का? दोन्ही २४ व्होल्टच्या आसपासच आहेत.

---

टेबलवाला

थेट समांतर जोडू नका. पॉवर मॅनेजर सौर पत्र्याचा कमाल शक्तीचा बिंदू शोधताना भार वर-खाली करून बघतो, क्षणभर सोडूनही देतो. पत्र्याला ते चालतं. चिमट्याला नाही, त्याने भार सोडला की लगेच २६ व्होल्ट ओलांडून शॉर्ट पडतो, दाब कोसळतो आणि मॅनेजरला वाटतं स्रोत मेला. मग दोघे एकमेकांशी लपंडाव खेळत बसतात. चिमट्यामागे एक छोटी बफर बॅटरी ठेवा, सहा किंवा सात लिथियम सेल एकसरीत, संरक्षण सर्किटसह. शॉर्टची वरची हद्द त्यांच्या भरलेल्या दाबाला जुळवून घ्या: सहा सेलला २५.२, सातला २९.४ व्होल्ट. सात घेतले तर कपॅसिटर ३५ चा नको, ५० व्होल्टचा. मॅनेजर त्या बॅटरीला जोडा, चिमट्याला नाही. आणि हे सगळं तारेवर, तारेच्याच दाबावर. खाली केबल नाहीच.